चार सुऱ्या आणि एक पावशी

माझी सगळी नोकरी राजुऱ्याजवळच्या एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे पोलादातलं आपल्याला कळतं असा माझा समज आहे. निवृत्त झाल्यापासून तो खोडून काढायला वर साहेबही उरले नाहीत. म्हणून बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायची मनाई केली, तेव्हा या अडचणीवर पोलादाच्या जोरावर मात करू असं मला लगेच वाटलं.

अडचण अशी होती. पुण्याकडे जिला विळी म्हणतात ती आमची पावशी. लग्न झाल्यापासून बायको खाली बसून, पायाने पाट दाबून पावशीवर भाजी चिरत आली. खाली बसणं बंद म्हणजे पावशी बंद आणि पावशी बंद म्हणजे तिच्या लेखी स्वयंपाकच बंद. शेजारी राहणारी माझ्या धाकट्या भावाची बायको दोन्ही वेळचा डबा आणू लागली. एरवी दुसऱ्याच्या भाजीला नाव ठेवल्याशिवाय बायकोचा घास उतरत नसे. आता वांग्याची फोड अंगठ्याएवढी असली तरी ती "बरी हाये" म्हणून निमूट जेवायची. मी घाबरलो तो तिथे. आपल्याच घरात ती पाहुणी झाली होती आणि मला ते बघवत नव्हतं.

आधी पावशीच ओट्यावर ठेवून पाहिली. ती घसरायला लागली. वर बायकोनं विचारलं, "आता पाय कुठी ठेवू जी?" मी पावशी खाली उतरवली आणि सुऱ्या मागवायला सुरुवात केली.

सुरीच्या पोलादाचा अभ्यास ही एक नशाच आहे. मोबाइलवर जगभरचे लोक दोरखंड आणि पुठ्ठे कापून दाखवतात. भाजी कोणी कापत नाही. सार एवढंच, की पोलाद फार कठीण केलं तर धार टिकते पण तुकडा उडतो, चिवट ठेवलं तर तुकडा उडत नाही पण धार लवकर जाते, आणि गंजणार नाही असं घ्यावं तर दगडावर घासताना आपला घाम निघतो. हे मला नोकरीतच कळलं होतं, पण व्हिडिओ मी सगळे पाहिले.

पहिली सुरी डी-टूची आली. पत्र्याला भोकं पाडायचे पंच ज्याचे करतात ते हे पोलाद. बायकोनं त्या सुरीनं एक दोडका कापला, "बरी हाये" म्हणाली आणि सुरी ठेवून दिली. दुसरी बेअरिंगच्या पोलादाची. तिला धार फार सुरेख लागते, पण कैरी कापल्यावर सुरी काळी पडली आणि कैरीही. तिसरी जपानी, पातळ आणि कठीण. ती कोहळ्यात अडकली, बायकोनं पिळून काढली आणि धारेचा टवका उडाला.

चौथी सगळ्यांत भारी, गुळगुळीत परदेशी लाकडाच्या मुठीची. तिच्या पोलादाची आधी पावडर करतात, मग ती तापवून, दाबून एकजीव करतात. त्यामुळे धार टिकते, गंज चढत नाही आणि सुरी घेणाऱ्याला चारचौघांत सांगायला काहीतरी मिळतं. ती मी आधी स्वतःवर तपासली.

"हातावरचे केस कुठी गेले?" बायकोनं विचारलं.

"धार पाहून राह्यलो होतो."

"भाजी कापाची हाये, हजामत नाई कराची."

तिनं दोन भेंड्या कापल्या आणि थांबली. "सुरी चांगली हाये. माह्याच हाताले समजत नाई. पावशी जागेवर राह्यते, भाजी फिरते. इथी समदं उलटं." यात पोलादाविषयी काहीच नव्हतं, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही.

पावसाळा मुरला आणि बाजारात वास्ते आले, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते जितके बारीक चिरावेत तितकी भाजी चांगली. भावाच्या बायकोनं ते सोलून आमच्या सपरीतल्या, म्हणजे पडवीतल्या, टेबलावर ठेवले आणि कुकर बंद करायला ती आपल्या घरी गेली. त्याच टेबलावर माझा व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी शिकंजा, बसवलेला आहे. त्याच्या जबड्यात मी चौथ्या सुरीची मूठ आवळून पातं उभं केलं होतं. धार लावायची गरज नव्हती, नुसते हात शिवशिवत होते. तेलाची बाटली आणायला मी आत गेलो.

परत आलो तर वॉकर भिंतीला टेकवलेला आणि बायको टेबलाशी उभी. दोन्ही हातांत वास्ता धरून ती तो धारेवर सरकवत होती. सुरी जागेवर होती, वास्ता फिरत होता. ताटात बारीक कीस पडत होता. मला रडू आलं, म्हणून मी बाटलीचं झाकण उघडण्यात वेळ काढला.

तेवढ्यात भावाची बायको आली. ताटातला कीस पाहून ती म्हणाली, "भाऊजी, अशी ओट्याले लावाची पावशी तं बाजारात भेटते. खालून स्क्रू राह्यते तिले."

"तिचं पोलाद साधं असते," मी म्हणालो.

बायकोनं मान वर केली नाही. "उद्यापासून डबा नको आनू वं. तुही भाजी लय जाडी राह्यते. मी बोलली नाई इतके दिवस."

भावाची बायको बिचारी माझ्याकडे बघायला लागली. माझ्या चेहऱ्यावरचा आनंद मला लपवता आला नाही, त्यामुळे तिला माझ्याकडून काही आधार मिळाला नाही.

ती गेल्यावर मी बायकोला विचारलं, "पोलाद कसं वाटते मग?"

"बरं हाये. पन हालून राह्यलं. घट्ट करा."

मी व्हाइसचा दांडा फिरवला. जबड्याचे दात मुठीच्या त्या गुळगुळीत, परदेशी लाकडात रुतले आणि ते कडकन चिरलं. मी आणखी एक आटा आवळला.