पेटीतली माय

लाज नावाची वस्तू देव माझ्या मामेसासूबाईंना द्यायला विसरला होता, आणि तरी त्यांच्याइतक्या अब्रूदार बाई मी जन्मात दुसऱ्या पाहिल्या नाहीत. आता हे कसं, ते सांगते. आपण रस्त्यात पडलो तर काय करतो? पटकन उठतो, लुगडं झटकतो आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघतो. मामी पडल्या की तिथंच मांडी घालून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या बाईला हाका मारायच्या, "अय बाई, आठे ये. हाऊ दगड देखी ठेव. मी पडनू, तू पडू नको." अख्खी गल्ली दगड बघून जाई, मगच मामी उठायच्या. कासाराकडून तडकलेली बांगडी आली तर ती हातातच ठेवून विहिरीवर आठ दिवस दाखवत बसायच्या. बाकी वेळ त्यांचं लक्ष या जगात फारसं नसेच. पाण्याला जायच्या आणि नदीवरच्या निळ्या पाखराची सगळी हकिकत घेऊन यायच्या. "मामी, घागर?" म्हटलं की दूर सातपुड्याच्या निळ्या रेघेकडे बघत म्हणायच्या, "ऱ्हाई गयी वं तठेच."

मी नवी सून होते तेव्हा आमच्या गावात तो फोटोवाला आला. तीन पायांवर उभी काळी पेटी, तिच्यावर काळं फडकं, आणि मागं टांगायला एक रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्यात पांढरा हंस, पलीकडं पायऱ्यांचा महाल. दुपारच्या उन्हात देवळामागं तो पडदा वाऱ्यानं हलायचा आणि तळ्याला लाटा यायच्या. आम्ही बायका खुळ्यासारख्या बघत राहायचो. रुपया आधी, फोटो महिन्यानं सुरतेहून टपालानं. तेव्हा फोटो काढला की आयुष्य घटतं असं म्हातारी माणसं म्हणत, म्हणून जो तो चोरून गेला. मी सासूबाईंना न सांगता शेजारणीच्या पाटल्या घालून उभी राहिले. वाण्याच्या शेठाणीनं घुंगट वर केला. गावचे पाटील, त्यांना सगळे जिभाऊ म्हणत, ते शाळामास्तरांचा कोट घालून बसले. एकट्या मामी तेवढ्या उघड गेल्या. ब्राह्मणपुरीहून आपल्या म्हाताऱ्या आईला बैलगाडीत घालून आणलं आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत खुर्चीत बसवलं.

पुढचा महिना सगळं गाव झोपेत चालल्यासारखं चालत होतं. मी दाराशी उभी राहिले तरी फोटोतल्यासारखा एक हात कमरेवर जाई. जिभाऊंची मान जी ताठ झाली ती वाकेचना. टपालवाला दिसला की जो तो दुसरीकडे बघायचा आणि कान त्याच्याकडे ठेवायचा. त्याच महिन्यात मामींची आई गेली. पिकलं पान होतं, कुणी फार रडलं नाही. मामी एवढंच म्हणाल्या, "फोटोमा ती हसेल शे. येवू द्या."

फोटो आले नाहीत. मास्तरांकडून मामींनी सुरतेला पत्र घातलं, ते असा पत्ताच नाही म्हणून परत आलं. तेव्हा समजलं की सारं गाव फसलं. समजलं, पण बोलणार कोण? मी बोलले तर पाटल्या निघणार, शेठाणी बोलली तर घुंगट. आम्ही सगळ्या मूग गिळून बसलो. मामी मात्र लुगड्याचा काष्टा आवळून तालुक्याला निघाल्या. जिभाऊंनी विहिरीपाशी वाट अडवली.

"मामी, ऱ्हाऊ द्या. गावनी इज्जत जाई. लोके हसतीन."

"जिभाऊ, चोरी त्यानी करी, आनि तोंड मी झाकू? काबर? तुम्ही मास्तरना कोट घालेल व्हता, ते काय मी सांगाव नही!"

हे त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, की विहिरीवरच्या बायकांच्या घागरी तशाच लोंबत राहिल्या.

चौकीतल्या हवालदारानं आधी वर बघितलंच नाही. "काय गेलं, बाई?"

"रुपया गया ते गया, भाऊ. पन त्या मानूसना पेटीमा मन्ही माय शे. ती काढी द्या."

हवालदार ताडकन उभा. पेटी केवढी, म्हातारी जिवंत आहे का, कुलूप कुठलं! त्याला फोटोचा उलगडा होईपर्यंत दोन शिपाई पट्टे बांधून तयार झाले होते. मग तो हसला, आणि हसता हसता लिहू लागला, कारण मामी सांगतच सुटल्या होत्या. माणसाच्या डाव्या बुटाला नाडी आहे, उजव्याला चिंधी. पडद्यावरच्या हंसाला डोळा काढायचा राहून गेलाय. आम्ही सगळ्यांनी तो हंस पाहिला होता, पण त्याला डोळा नाही हे एकट्या मामींनी पाहिलं होतं.

त्या डोळ्यानंच तो सापडला. दूरच्या एका बाजारगावी शिपायानं आंधळा हंस ओळखला. मामींना कचेरीत बोलावणं आलं, तेव्हा मी सासूबाईंना पाटल्यांचं सांगून टाकलं, पोटभर बोलणी खाल्ली आणि मामींच्या गाडीत जाऊन बसले. शेठाणी आली. शेवटी जिभाऊही आले, बिनकोटाचे. हवालदार म्हणाला, "वाटेतल्या गावोगाव यानं हेच केलंय. एका गावानं तोंड उघडलं असतं तर हा तुमच्यापर्यंत पोचलाच नसता." आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. मामी खिडकीतून चिंचेच्या झाडाकडे बघत होत्या.

मग साहेबांसमोर पेटी उघडली. आत फोटोची काच नाही, काही नाही. अर्धी भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा निघाला. कचेरी खो खो हसली. मामी पुढं गेल्या, वाकल्या आणि त्या रिकाम्या पेटीत कितीतरी वेळ बघत राहिल्या. हसणं आपोआप थांबलं. "नही शे," त्या हळूच म्हणाल्या.

फोटोवाल्याला पुढं शिक्षा झाली. पण मला आठवतो तो साहेबांचा प्रश्न. त्यांनी विचारलं, "बाई, फोटो कुणाचा काढायचा होता?" मामी सांगू लागल्या, कारकून लिहू लागला. आणि जबानी संपल्यावर, रिवाज असतो तसं, अंगठा घेण्याआधी त्यानं ती वाचून दाखवली. मामींची अहिराणी त्यानं कचेरीच्या मराठीत घातली होती. "माझी आई, वय अंदाजे सत्तर, खुर्चीच्या कडेवर बसली, कारण खुर्ची परक्याची असल्याने सगळी व्यापणे तिला बरे वाटेना. पायांत जोडे नव्हते, म्हणून पाय लुगड्यात ओढून घेतले. फडक्याखालून माणूस बोलतो याचे तिला हसू आले. पुढे दोन दात होते. हसताना ती तोंडावर हात ठेवी, तो मी धरून ठेवला होता."

कारकुनानं शाई पुढं केली. मामींनी डोळे मिटले होते.

"भाऊ, आखो एकदाव वाची दाखाड."

कारकुनानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी उगाच चष्मा पुसला आणि मान हलवली. त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी जरा सावकाश. बाहेर चिंचेचा पाला बारीक गळत होता, आणि त्या मोठ्या दालनात दोन दातांची एक म्हातारी परक्या खुर्चीच्या कडेवर बसून हसत होती. मी तर तिला बघितलंच, जिभाऊंनीही बघितलं असावं.

मग मामींनी अंगठा टेकवला. झोपलेल्या माणसाच्या अंगावर हात ठेवावा इतका हलका, की कागदावर काही उमटलंच नाही, आणि कारकुनाला तो पुन्हा घ्यावा लागला.