रक्त माझं चालतं, हात नाय

हे आत्ताच सांगायचंय. उद्यावर टाकलं तर शहाण्यासारखं, मोजूनमापून लिहीन. ते नकोय मला.

आज सकाळी. महाडमधल्या एका कॉलेजचा हॉल. पडद्यावर 'बायोफिजिक्समधल्या संशोधनाच्या संधी'. स्टेजवर आमचे सर. शहरातल्या त्यांच्या लॅबमध्ये मी एमएस्सीचा प्रोजेक्ट करते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूच्या मागे कशा सरपटत जातात, हा आमचा विषय. व्हिडिओत एक पेशी अरुंद फटीतून अंग चोरत पलीकडे निघाली होती. पोरं बघतच राहिली.

सर म्हणाले, "ही पेशी कोणाची, माहितीय? हिची! तुमच्या बिरवाडीची. आमची हक्काची डोनर."

हॉल हसला.

आता ऐका. या पेशी शरीराबाहेर जास्त टिकत नायत. म्हणून ताजं रक्त लागतं. ठरलं होतं की आळीपाळीनं सगळ्यांनी द्यायचं, राजीखुशीनं. पण पाळी कायम माझीच. कोणाला ताप, कोणाची परीक्षा, कोणाला सुई बघूनच चक्कर. नाजूक लोक! "गावचं रक्त, दमदार असतं," सर म्हणायचे. आणि मी मायक्रोस्कोपकडे गेले की, "राहू दे. महागडी वस्तू आहे. सवयीचे हात लागतात."

सवयीचे हात! पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग, "अच्छा, चवदार तळ्याचं महाड..." आणि पुढचं वाक्य गिळलं. आम्हाला गिळलेली वाक्यं पण ऐकू येतात, सर. जन्मापासून.

तरी मी गप्प. कारण सरांनी पीएचडीची जागा कबूल केली होती. त्यांच्याच लॅबमध्ये. आई वाडीभर सांगत फिरते, "आमची पोर डॉक्टर व्हनार हाय."

आज तर कहर. हॉलला यायच्या आधी गाडी तळ्यावर थांबवली. मला शेजारी उभं केलं, फोटो काढला, लॅबच्या पेजवर टाकला. खाली लिहिलं, 'समतेचा वारसा'. हसू नका, खरंच लिहिलं.

तर हॉलमध्ये पोलादपूरची एक मुलगी उठली. "ताई, तुम्ही तिकडं काय काम करता?"

मी तोंड उघडायच्या आत सर बोलले, "ती रक्त देते. आत्ताच दाखवतो. ये गो, बोट दे!"

गो. माझी आई हाक मारते तसं. ह्यांच्या तोंडात नक्कल. परत हशा.

टेबलावर छोटा मायक्रोस्कोप, काचपट्टी, सुई. माझं बोट आपोआप पुढं गेलं पण. मग मागं घेतलं.

"आज बोट तुमचं, सर. मायक्रोस्कोप मी लावते."

मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडला, "द्या ना सर, एकच थेंब!"

सरांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, वेळ कमी आहे. पेशींच्या हालचालीवर एवढं भाषण ठोकणारा माणूस, जागचा हलला नाय! हात पाठीमागे लपवले. लहान पोरासारखे.

मग माईक बाजूला करून माझ्या कानाशी, "पीएचडीची जागा विसर."

मी माईक ओढला. "सर म्हणतात, जागा विसर. विसरले." मग त्या मुलीला सांगितलं, "मी पेशींचे व्हिडिओ बघून त्यांची वाट शोधते. पेशी का वळते, कुठं अडते, ते मला कळतं. रक्तसुद्धा दिलं. आता नाय देणार."

सरांची गाडी गेली. मी बसले नाय. डेपोत बसून टाईप करतेय. रागानं. आईला काय सांगू ते ठरलं नाय. पण हे ठरलं: पीएचडी करणारच, दुसरीकडे. आणि मुलाखतीत पहिला प्रश्न माझा असणार, "इथं रक्त कोण कोण देतं? गाईड देतो?" ततपप केलं की मी उठणार. भीक नकोय. मायक्रोस्कोपवर बसायचंय मला.

तुमच्यासोबत झालंय असं? तुमच्याकडनं काय घेतलं, आणि कशाला हात लावू दिला नाय? लिहा खाली. आणि खरं सांगा, अजून देताय का?