मी 'नो' म्हटलं होतं

किल्लारीला पुन्हा जायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. एका पुस्तकाच्या चार पानांनी नेलं.

माझ्या भावाची मुलगी सना लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. तिनं ती पानं मोबाईलवर पाठवली आणि खाली विचारलं, "फुप्पी, यातली दुभाषी तुम्हीच का?" पुस्तक एका परदेशी लेखकाचं. दुसऱ्या देशातल्या माणसांशी धंदा करताना कसं बोलावं, त्यांचं म्हणणं कसं ओळखावं, हा विषय. भूकंपानंतर घरबांधणीच्या एका कंपनीचा अधिकारी म्हणून तो किल्लारीला आला होता. मी नांदेडची, नुकतीच इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तीन आठवडे त्याची दुभाषी होते.

त्यानं लिहिलंय की गावाला घरांचा नकाशा नको होता, पण इथल्या माणसांना तोंडावर नाही म्हणणं जमत नाही, आणि त्याच्या तरुण दुभाषीनंही भिडेपोटी नकाराचा होकार करून सांगितला. म्हणून घरं चुकली.

मला आठवत होतं की मी 'नो' म्हटलं होतं. पण मधे इतकी वर्षं गेली. दोन दिवस मी स्वतःवरच संशय घेत बसले. खरंच भ्याले असेन का? तिसऱ्या दिवशी पिशवी भरली.

नांदेडहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. लोहा, अहमदपूर करत दुपारपर्यंत लातूर येतं. अहमदपूरला गाडी थांबते तिथला चहा गोड मिट्ट, भजी मात्र गरम असली तरच घ्या. लातुरात शिरलं की दोन्ही बाजूंनी क्लासच्या पाट्या, पाट्यांवर गुण मिळवलेल्या पोरांचे चेहरे, खाली मेस आणि खोल्यांच्या जाहिराती. स्वस्तात जेवायचं तर याच मेसमध्ये जा, वरण चांगलं असतं.

सनानं मला तिच्या क्लासच्या सरांकडे नेलं. माणूस सभ्य. त्यांनी पाणी मागवलं, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की याच उताऱ्यावर आम्ही प्रश्न काढतो, चूक कोणाची असं विचारतो, आणि उत्तर 'दुभाषीची' हेच धरतो. मी म्हटलं, ती दुभाषी तुमच्यासमोर बसलीय. ते ओशाळले, पण म्हणाले, "मॅडम, पुस्तकात आहे तेच उत्तर धरावं लागतं." मी पाणी न पिता उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी औशामार्गे लामजना पाटीच्या फाट्यापर्यंत, तिथून जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा. रस्त्याला ऊस आणि सोयाबीन. नवं किल्लारी सरळ गल्ल्यांचं, घराला घर लागून.

साहेबानं गावाला नकाशा दाखवला त्या बैठकीत सगळ्यांच्या पुढे बसून बोललेली बाई मला आठवत होती, सोजरबाई. भूकंपात तिची सासू आणि दोन लेकरं गेली होती. दोन ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. आता केस पांढरे, पाठ वाकलेली. मी नाव सांगितलं, शमीम, त्या गोऱ्या साहेबाबरोबरची. तिनं माझा हात धरून आत बसवलं. चूल मागच्या अंगणात, पत्र्याखाली. भूकंपापासून स्लॅबखाली स्वयंपाक केला नाही म्हणाली. झोपतेही तिथंच. म्हशीला जागा नाही म्हणून अर्धी भिंत पाडून घेतलेली.

भाकरी आणि पिठलं खाल्ल्यावर मी पुस्तकात काय लिहिलंय ते सांगितलं आणि घाबरत विचारलं, "मावशी, मी तेव्हा नीट सांगितलं होतं का?"

ती म्हणाली, "मी म्हनले, न्हाई. डोक्यावर वजन नगं, अन् जनावराला जागा पायजे. तू त्याला 'नो' म्हनलीस. त्यानं पुन्यांदा इचारलं, तू पुन्यांदा 'नो' म्हनलीस. तेवढं विंग्रजी आमाला बी कळत हुतं, बाई."

"मग त्यानं काय केलं?"

"हसला. तुज्या खांद्यावर थाप मारली अन् कागद गुंडाळला."

थाप मला आठवली. त्या वेळी मला ती शाबासकी वाटली होती. चुलीसमोर बसून मी रडले, आणि रडताना राग वाढतच गेला. मातीखालून माणसं काढणाऱ्या गावानं स्पष्ट सांगितलं, मी दोनदा सांगितलं, आणि ज्यानं ऐकलं नाही तो आता ऐकावं कसं हे जगाला शिकवतोय. सोजरबाई मात्र शांत होती. तिनं एवढंच विचारलं, "त्या पुस्तकात माजं नाव हाय का?" मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली आणि म्हशीला पाणी दाखवायला उठली.

परतीला लातूर स्टँडवर सना भेटली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली की उद्या वर्गात उतारा वाचेन, आणि लगेच सोजरबाईनं सांगितलेलंही सांगेन. सर रागावतील, मी म्हटलं. रागावू देत, म्हणाली.

नांदेडला घरी आले. संशय गेला, राग तसाच आहे. तो जावा असं मला वाटतही नाही. प्रकाशकाला इंग्रजीत पत्र लिहिलंय, मऊ शब्द एकही नाही. बैठकीत कोण काय बोललं ते ओळीनं मांडलं, आणि खाली दोघींची पूर्ण नावं घातली, आधी सोजरबाईचं.