बाळाच्या वाट्याची पेज

एसटीतून उतरल्यावर जी पहिली बाई भेटेल तिला दुर्गाबाई खोबरेकर विचारायच्या, "आज काय रांधलंस गो?" रोज, न चुकता. समोरची डोक्यावर हंडा घेऊन चाललेली असो की मासळीची पाटी. उत्तर ऐकून त्या मान हलवत आणि पुढे चालू लागत. नव्या ओळखीच्या बायकांना वाटे, ह्या बाईंना जेवायला बोलवायला हवं. जुन्या ओळखीच्या लांबूनच ओरडत, "नवीन काय नाय हां बाई, कालचीच आमटी!"

दुर्गाबाई आरोग्य केंद्रात सहाय्यिका होत्या. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. किनाऱ्यावरच्या गावांत अंगणवाडीच्या बायका नेमल्या जात होत्या आणि गरीब घरांत जाऊन पोषण कसं शिकवायचं, हे त्यांना शिकवण्याचं काम दुर्गाबाईंकडे आलं होतं. वर्ग केंद्राच्या पडवीत भरे. भिंतीवर वरून आलेले तक्ते होते: सफरचंद, गाजर, दुधाचा पेला. त्यांच्याखाली सुपांत दुर्गाबाई नाचणी, कुळीथ, सुकी कोळंबी, शेवग्याचा पाला मांडून ठेवत.

"वरचं बघायचं," त्या म्हणत, "आणि खालचं खायचं."

वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत. पडवीची पायरी उतरली की मालवणी.

त्या वर्गातली जानकी मिठबावची. उत्साही, थोडी घाईची. शिकलेलं सगळं तिला त्याच दिवशी गावाला सांगून टाकायचं असे. तिच्या वाडीत आनंदीबाईंचा नातू होता, बाळा. दीड वर्षाचा होत आला तरी आधाराशिवाय बसत नव्हता. दंडाभोवती दोन बोटांची कडी सहज मिटे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या वेळी वजन आणखी उतरलं तर कणकवलीला दवाखान्यात ठेवावं लागेल. आनंदीबाई ते ऐकूनही घेत नव्हत्या. त्यांचा पहिला नातू असाच दवाखान्यात नेला होता. तो घरी आला नाही.

"ह्येका मी खंय धाडूचंय नाय," त्या म्हणाल्या. "जगलो तर माझ्या मांडयेर जगतलो."

म्हणून जानकीने कंबर कसली. दर दोन दिवसांनी ती त्यांच्या दारात उभी राही. पेज देता का? देतो. कितीदा? तीनदा. जानकी समाधानाने परत येई. पण बाळाच्या बरगड्या तशाच दिसत राहिल्या, आणि वजनाचा दिवस जवळ येत चालला.

"बाई, सगळां सांगलंय," वर्ग सुटल्यावर ती पायरीखाली रडवेली होऊन म्हणाली. "ती माणसां ऐकतत पण. मग ह्या पोराक काय होता?"

"तू त्येका जेवताना बघलंस?"

जानकीने कधीच पाहिलं नव्हतं. ती नेहमी कामं आवरल्यावर जायची, दुपार कलल्यावर. घरच्यांना अडचण नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी दोघी सकाळच्या पेजेच्या वेळेला पोचल्या. आनंदीबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मडक्यातली पेज शिजून थांबली होती. तांदूळ तळाला बसला होता आणि वर स्वच्छ, गुलाबीसर पाणी. त्यांनी करवंटीचा डाव अलगद वरच्या वर फिरवला आणि ती निवळ वाटीत घेतली. एक शीतही येऊ दिलं नाही. फुंकर मारली, मिठाचे दोन कण टाकले आणि बाळाच्या ओठांना वाटी लावली. हात इतका हळुवार होता की जानकीला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं.

"अगो काकी, ह्यां नुसतां पाणी!" ती मोठ्याने म्हणाली. "ह्यात काय बळ आसा? तुमका कितीदा सांगलंय..."

दुर्गाबाईंनी तिच्या दंडाला जोरात चिमटा काढला.

आनंदीबाईंचा चेहरा ताठ झाला. "पाणी? दुखणाईताक निवळच दितत. माझ्या आवशीन माका दिली, मी माझ्या झिलाक दिलंय. तू काल जल्मलंस आणि माका शिकवतंस?"

दुर्गाबाई खाली बसल्या. "काकी, आमी चलान इलंव. वायच पेज घाल मगे."

पाहुणी जेवायला मागते म्हटल्यावर राग बाजूला ठेवावाच लागला. आनंदीबाईंनी डाव तळापर्यंत घातला आणि दाट, शितांनी भरलेली पेज वाढली. बाजूला कुळथाची पिठी.

"माका इतकी घट्ट?"

"तुमी उन्हातान्हातसून फिरतास. अंगात बळ नको?"

दुर्गाबाईंनी घास घेतला. बाळाकडे पाहिलं. आनंदीबाईंनी हातातल्या वाटीकडे पाहिलं, मग मडक्याकडे.

"त्येका पचतली?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता. "घशात शीत अडाकला तर?"

"बोटान कुस्करून दी. थोडी पिठी घाल. पयले दोन घास थुकतलो, तुझ्यार रागावतलो. आजयेर नाय रागावतलो तर कोणार?"

आनंदीबाईंनी तळातली पेज घेतली आणि बोटाने कुस्करली. पहिला घास बाळाने थुंकलाच. दुसराही. तिसरा मात्र तोंडात ठेवून तो विचारात पडल्यासारखा बघत राहिला.

परतीच्या वाटेवर जानकी मान खाली घालून चालत होती.

"तुझी चूक नाय गो," दुर्गाबाई म्हणाल्या. "पेज द्या, म्हणान मीच वर्गात सांगलंय. कुठली, ता सांगूकच नाय." त्यानंतरच्या प्रत्येक वर्गात पडवीत चूल मांडली गेली. शिकायला आलेल्या प्रत्येकीने आपल्या घरी सून काय खाते, बाळंतीण काय खाते, लहान पोर काय खातं, ते मडक्यातून वाढून दाखवायचं. बायका हसत, एकमेकींच्या सासूच्या नकला करत, आणि मध्येच एखादी डाव हातात धरून थांबे.

वजनाच्या दिवशी शाळेच्या वाशाला काटा टांगला. बाळाला झोळीत घातल्यावर जानकीला वर बघवेना. काटा मागच्या खुणेच्या पुढे गेला. थोडासाच, पण पुढे.

आनंदीबाईंनी डोळे बारीक केले. "काटो बिघाडलो असतलो. परत टांग."

परत टांगला. तेवढंच. मग त्या पदराने नातवाचं नाक पुसत राहिल्या. कणकवलीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पावसाळा सरल्यावर दुर्गाबाईंची वेंगुर्ल्याला बदली झाली. पुढच्या वर्षी तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. बदलीच्या आधी मिठबावला त्या शेवटच्या आल्या तेव्हा बाळा खळ्यात कोंबडीमागे धावत होता, पडत होता, उठत होता. आनंदीबाई त्यांना बसा बसा म्हणत होत्या. दुर्गाबाईंनी उभ्यानेच पाणी प्यायलं, तांब्या पायरीवर ठेवला आणि जानकीला म्हणाल्या,

"चल गो, पाय उचल. पलीकडच्या वाडीत पानां वाढूची वेळ झाली."