एल्डर थेनची शिदोरी

तालिसाय वाडीत मॉर्मन पंथाची बाई एकच, सिदिंग. लेते बेटाच्या किनाऱ्यावरची बाकी सगळी वाडी सान इसिद्रोच्या चर्चमध्ये जाणारी. सिदिंग मात्र दर रविवारी छत्री काखेत धरून गावातल्या छोट्या चॅपलकडे चालत निघायची. तिचा नवरा तेरियो या दोन्हींतला नव्हता. तो माडावरचा. सकाळ-संध्याकाळ कमरेला कोयता आणि पाठीला बांबूचं नळकांडं लावून तो माड चढायचा, पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, पातळ छाटायचा, माडी उतरवायचा, तिच्यात लाल सालीची पूड घालून पिंपात मुरवत ठेवायचा. वाडीत लग्न असो की मयत, तेरियोच्या माडीवाचून काही पार पडत नसे.

सिदिंगच्या पंथात दारू वर्ज्य, माडी वर्ज्य, कॉफीसुद्धा वर्ज्य. ती नवऱ्याचं पिंप घासून द्यायची, पण वासाकडे तोंड फिरवून. यावरून त्यांचं भांडण असं कधी झालं नाही. तिचं दुखणं निराळं होतं. त्यांची धाकटी लोलित चार वर्षांची होऊन तापात गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात सिदिंगच्या दारी पहिल्यांदा मिशनरी आले. सेबू शहरातल्या पंथाच्या मंदिरात नवरा, बायको आणि लेकरं यांना कायमचं जोडतात, मरणानंतरही ते नातं सुटत नाही आणि गेलेलं मूलही त्यात धरतात, हे तिनं त्यांच्याकडून ऐकलं. अट एकच, आईबाप दोघंही पंथातले हवेत. सिदिंगनं बाप्तिस्मा घेतला आणि तेव्हापासून रोज चुलीशी गुडघे टेकून नवऱ्यासाठी एकच मागणं मागत राहिली. तेरियोला ते ठाऊक होतं. लोलितचं नाव मात्र तो घरात काढत नसे.

गावात मिशनरी बदलत राहायचे. नेहमी दोघं दोघं, पांढरा सदरा, टाय, खिशाला नावाची काळी पाटी आणि सायकल. वीस-एकवीस वर्षांची पोरं, पण हुद्दा एल्डर, म्हणजे वडीलधारा. तेरियोला याची भारी गंमत वाटायची.

"सिदिंग, तुझे वडीलधारे आले बघ. एकाला अजून मिसरूड फुटायचंय, जपून वाढ."

एल्डर थेन त्याला विशेष आवडला. पोरगा अमेरिकेतल्या वायोमिंगचा, घरी दूधदुभतं. इतर पोरांसारखा तोही तेरियोला ताताय, म्हणजे बाबा, आणि सिदिंगला नानाय, म्हणजे आई, म्हणायचा. एकदा तो माडाखाली उभा राहून तेरियोचं काम बघत होता. रोज तोच माणूस, तोच हात, नाहीतर माड रुसतो, असं तेरियोनं सांगितल्यावर तो म्हणाला, "आमच्या गाईपण तशाच, ताताय. परक्या हाताला पान्हा सोडत नाहीत." तेरियोनं ते वाक्य सगळ्या वाडीला ऐकवलं. तेव्हापासून तो मिशनऱ्यांच्या शिकवणीला बसू लागला. बसायचा, मान डोलवायचा, सगळ्याला हो म्हणायचा आणि संध्याकाळ झाली की कोयता घेऊन निघायचा.

थेनची मिशनची दोन वर्षं भरत आली. अशा वेळी मुलांचं मन आधीच घरी पोचतं, कामात राम राहत नाही. थेनचं उलटं झालं. कपडे धुवायच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो सायकल काढून दारं ठोठावत फिरायला लागला. त्याचा जोडीदार एल्डर अग्बायानी, हा इलोकोसचा, याच देशातला, बोलायला तिखट. तो सिदिंगच्या अंगणात सायकल टेकवत म्हणायचा, "नानाय, याला काहीतरी खायला घाला आणि झोपवा. हा घरी जाणार आणि मी स्वर्गात."

एका शुक्रवारी जेवताना थेननं भात चिवडून ठेवला. सिदिंगनं कोंबडीचा रस्सा वाढला, तरी त्याचा हात चालेना.

"काय झालं रे बाळा?"

"काही नाही, नानाय." मग थोड्या वेळानं तो म्हणाला, "माझे वडील असेच मिशनवर गेले होते. आजोबापण. त्यांच्याकडे सांगायला माणसं आहेत. अमक्याला मी पाण्यात उतरवलं, तमका अजून पत्र पाठवतो. इथं मला सगळ्यांनी जेवायला घातलं. पण माझ्यामुळे कुणाचं काही झालं का, ते मला कळत नाही. एकदा, एकाला तरी, असं वाटत होतं."

"जेव आधी," अग्बायानी म्हणाला. "रड नंतर."

तेरियो उठला. हात धुऊन आला, खुर्चीत बसला आणि बाजारातून काय आणू असं विचारावं तशा सुरात म्हणाला, "मी घेतो की बाप्तिस्मा. तू जायच्या आत उरकू. पुढच्या शनिवारी चालेल?"

सिदिंगच्या हातातला डाव तसाच राहिला. थेन उठून उभा राहिला, पुन्हा बसला. अग्बायानीनं मात्र तेरियोकडे जरा निरखून पाहिलं.

पुढचे दिवस सिदिंगचे पाय जमिनीला लागत नव्हते. चॅपलमधली पांढरी पँट तेरियोच्या मांड्यांना होईना, म्हणून तिनं नवी शिवायला घेतली. केळीची पानं शेकून ठेवली, पानात बांधायच्या गोड सुमानसाठी चिकट तांदूळ भिजत घातले. बाप्तिस्म्याआधी दुसऱ्या गावचा एल्डर येऊन प्रश्न विचारणार होता, देवावर विश्वास आहे का, माडी-दारू सोडणार का. शनिवारी चॅपलच्या हौदात थेन त्याला पाण्याखाली नेणार होता. त्या पंथात माणूस पुरता बुडावा लागतो, पायाचा अंगठा वर राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तिनं तेरियोला गुडघे कसे वाकवायचे तेसुद्धा दाखवलं. तो हसत होता आणि हो, हो म्हणत होता.

बुधवारी ती अंगणात पँटची शिवण घालत बसली होती. तेरियो समोरच्या माडावर होता. शेजारची माना कारिंग, म्हणजे कारिंगताई, कुंपणाशी आली आणि वर मान करून ओरडली, "तेरियो, फिएस्ताची माडी धरायची ना रे? आमची पाहुणेमंडळी आधीच विचारायला लागलीत."

"धर की," वरून आवाज आला. "पिंप भरून."

फिएस्ता, म्हणजे वाडीची जत्रा, थेन गेल्यानंतरच्या आठवड्यात होती. सिदिंगनं सुई कापडात खोचली आणि माडाखाली जाऊन उभी राहिली.

"तेरियो, खाली ये."

"पोय अर्धी छाटलीय. तिथूनच बोल."

"सगळ्या वाडीनं ऐकावं असं नाहीये ते."

तो उतरला. तिनं आवाज हळू केला. "फिएस्ताला माडी कोण काढणार?"

"कोण म्हणजे? मीच."

"बाप्तिस्म्यानंतर?"

"पोरगं तेव्हा घरी पोचलेलं असेल की."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, तेच अवघड होतं. "मग तू हो कशाला म्हणालास?" तिनं विचारलं.

"अगं, पोर दोन वर्षं आई सोडून राहिलं. आता निघालंय. निघणाऱ्याला शिदोरी न देता लावतात का कुणी? माडी तो पीत नाही. सुकी मासळी विमानात नेऊ देत नाहीत म्हणे. त्याला एकच गोष्ट हवी होती, ती माझ्यापाशी होती, ती दिली. त्याचं मन भरलं, तुझंही भरलं. मी जरा भिजेन. कुणाचं काय बिघडलं?"

तो पुन्हा चढला. सिदिंग चुलीशी येऊन बसली. गप्प राहिलं तर काय होणार होतं? सगळ्या प्रश्नांना तेरियो हो म्हणणार, पाण्यात उतरणार, नाव लागणार. पुढचं देव बघून घेईल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पुढच्या वर्षी कदाचित सेबू. तिथं पांढऱ्या कपड्यांत दोघं गुडघे टेकून बसलेली आणि मध्ये लोलितचं नाव घेतलं जातंय, हे चित्र तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं की तिथली सतरंजीसुद्धा तिला ठाऊक होती. आणि त्याच जागी तेरियो सवयीनं मान डोलवतोय, हेही तिला आता दिसलं. लोलितला जोडणारी गाठ तसल्या हो-वर धरेल का? तिनं गुडघे टेकले. उत्तर काही आलं नाही, भात मात्र करपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिशनरी आले. तेरियो घरात नव्हता. बाई एकटी असली की ही मुलं उंबरा ओलांडत नाहीत, अंगणातल्या बाकावर बसतात. आणि एकमेकांना सोडूनही जात नाहीत, म्हणजे जे बोलायचं ते दोघांसमोर. थेनच्या चेहऱ्यावर आज रंग होता.

"नानाय, आईला फोनवर सांगितलं. ती रडली."

सिदिंगला वाटलं, परत आत जावं आणि लिंबूपाणी घेऊन यावं, एवढंच. पण ती उभी राहिली आणि फिएस्ताची माडी, शिदोरी, सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. अग्बायानी सायकलच्या चाकातली हवा दाबून बघायला लागला.

"माना कारिंगनं मलापण फिएस्ताचं सांगितलं होतं," थेन म्हणाला. "तेरियोची माडी असणार, तू असतास तर तुला लिंबूपाणी दिलं असतं, असं. माझ्या लक्षात आलं होतं, नानाय. मी तातायना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खरं बोलले असते."

"मीही कालपासून गप्पच होते, बाळा."

"म्हणजे या अंगणात काही न कळलेला मी एकटाच," अग्बायानी म्हणाला. कुणी हसलं नाही, तेव्हा तो पुन्हा चाकाकडे वळला.

तेरियो आला तेव्हा थेन उठून उभा राहिला. "ताताय, शनिवारचं राहू दे."

तेरियोनं आधी बायकोकडे पाहिलं. "का?"

"त्या पाण्यात उतरणारा देवाला शब्द देतो. तुम्ही मला देताय. मी तो घेऊ शकत नाही."

"म्हणजे मी दिलेलं तू परत करतोयस." तेरियोचा आवाज चढला नाही. "माझ्याच दारात."

"परत नाही करत, ताताय, मी फक्त…"

तेरियोनं नळकांडं उचललं आणि भर उन्हात, काम नसताना, माडावर चढून गेला. त्या वाडीत दिलेलं परत करण्याइतका मोठा अपमान नाही. मुलांना तो माडाच्या झावळ्यांत दिसेनासा झाला. सिदिंगनं अर्धी शिवलेली पँट घडी करून ठेवली.

मधले दिवस तेरियो घरात जेवला, पण बोलला नाही. थेननं आपले टाय चॅपलमधल्या मुलांना वाटले, बुटांना सोल लावून घेतला आणि शेवटच्या रविवारी उभं राहून फार थोडं बोलला. ज्या सकाळी टाक्लोबानच्या विमानतळाकडे जायची गाडी होती, त्या सकाळी दोघं वाडीत आले. तेरियो वरच होता.

"ताताय, मी निघालो," थेननं खालून सांगितलं.

वरून कोयत्याचा आवाज येत राहिला. रस्त्यावर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. "चल," अग्बायानी म्हणाला, "विमानाला माड कळत नाहीत." थेन हलला नाही. अखेर तेरियो उतरला.

"आईला काय सांगितलंस?"

"खरं तेच."

"मग तिला वाटणार, इथला म्हातारा लबाड आहे."

"तिनं विचारलं, जो माणूस तुझ्यासाठी एवढं करायला निघाला, त्याला तू काय दिलंस? मला काही सांगता आलं नाही, ताताय."

तेरियोनं पोराकडे पाहिलं. मग घरात गेला आणि घट्ट बूच मारलेली बाटली घेऊन आला. "माडीचा शिरका आहे. पिण्याचा नाही, स्वयंपाकाचा. तुझ्या देवाला चालतो, मी बायकोला विचारून ठेवलंय मागेच. मासळीवर घालायला सांग आईला."

"सगळं विमान खोकत जाणार," अग्बायानी म्हणाला आणि बाटली थेनच्या कपड्यांत गुंडाळून दिली. थेननं पिशवी बंद केली. तेरियोनं त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच, आणि गाडी गेली.

त्या दुपारी पहिल्यांदा तेरियो जेवताना बोलला. "एवढी वर्षं मागत होतीस. हातात आलेलं सोडलंस."

"हं."

"का?"

"लोलितकडे मला तुझ्याबरोबर जायचंय," सिदिंग म्हणाली. "तुझ्या ओल्या कपड्यांबरोबर नाही."

तो जेवत राहिला. ताट पुसून झाल्यावर, तिच्याकडे न बघता म्हणाला, "ती ओळखेल का आपल्याला? तुमच्यात काय म्हणतात?"

इतक्या वर्षांत त्यानं काही विचारलं नव्हतं. सिदिंगनं घाईनं हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबली. "मला नक्की ठाऊक नाही," ती म्हणाली.

फिएस्ता झाली. माडी पिंप भरून गेली, सिदिंगनं पिंप घासलं. त्यानंतरच्या आठवड्यात अग्बायानी नवा जोडीदार घेऊन आला. उन्हानं लालबुंद झालेला, घामाघूम, इथली भाषा अजून तोंडात न बसलेला पोरगा. त्यानं खुर्चीवर बसल्या बसल्या पिशवीतून पुस्तक काढलं. तेरियो समोरच्या खुर्चीत बसला.

"आधीच सांगतो," तो म्हणाला, "मी कशालाही हो म्हणणार नाही. माझी माडी चालू आहे आणि चालू राहील, निदान आज तरी."

पोरानं अग्बायानीकडे पाहिलं. अग्बायानीनं खांदे उडवले. पोरगा पुस्तकाचं पान शोधायला लागला.

"ते ठेव जरा," तेरियो म्हणाला. "आधी ऐक. आम्हाला एक मुलगी होती."