चंद्र खालच्या गॅलरीतून दिसतो

त्या हिवाळ्यात माझं देवाशी बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. भांडण नव्हतं, भांडायलाही अंगात जोर लागतो. सकाळी दिवा लावायचा, आईने दिलेल्या पितळी गणपतीला गंधफूल वाहायचं, हात जोडायचे आणि बाहेर पडायचं. एरवी मी त्याला खूप काही सांगत असे, ऑफिसातल्या कुरबुरींपासून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत. आता वाटायचं, याला काय नवीन सांगायचं? बघतोयच की सगळं.

आम्ही पुण्याहून नेदरलँड्सला आलो ते माझ्या नोकरीवर. मी सॉफ्टवेअर टेस्टर. कामाचा परवाना माझा, आणि नवरा सुहास व मुलगी रेवा यांचे परवाने माझ्या परवान्याला बांधलेले. अशी सलग पाच वर्षं काढली आणि डच भाषेची परीक्षा पास झालं की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. मग नोकरी राहो वा जावो, कुणी जा म्हणत नाही. परीक्षेत मी दोनदा आपटले आणि तिसऱ्यांदा कशीबशी पास झाले. पुढच्या जूनमध्ये पाच वर्षं पुरी होणार होती. आणि हातातोंडाशी आलेला घास जावा तशी ऑक्टोबरअखेर माझी नोकरी गेली. कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला. अशा वेळी नवी नोकरी शोधायला तीन महिने मिळतात, तीही परदेशी माणूस ठेवायची सरकारी मान्यता असलेल्याच कंपनीत. नाही मिळाली तर सामान बांधायचं. रेवा दहा वर्षांची. तिला मराठीत काही विचारलं तर उत्तर डचमध्ये येतं. पुण्यात तिला कुठल्या शाळेत घालायचं, हा विचार आला की मी उठून काहीतरी आवरायला घ्यायची.

साताऱ्याला आईला फोन केला तर ती पहिलं वाक्य म्हणाली, "पदरात पडेपर्यंत कुणाला बोलू नकोस. दृष्ट लागते." आमच्याकडे ही रीतच आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा साखरपुड्याच्या आदल्या दिवसापर्यंत शेजारणीला पत्ता नव्हता. व्हिसा, घर, मूल, सगळं आम्ही झाकून ठेवून मग एकदम उघडं केलं. तेव्हा हेही झाकलं. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन मी ऑफिसला निघाल्यासारखी निघायची, सायकलने लायब्ररीत जायची, दिवसभर अर्ज पाठवायची आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्याच्या वेळेला घरी यायची. रेवालाही सांगितलं नव्हतं. दमायला व्हायचं हो त्या नाटकानेच. सुहास एकदा म्हणाला, अगं, निदान ओळखीच्या चार जणांना तरी विचार. मी त्याच्यावरच खेकसले.

हे सगळं लपवायचं होतं ते मुख्यतः वैशालीताईंपासून. त्या आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळच्या नाशिकच्या, पन्नाशी उलटलेल्या, मनाने चांगल्या, पण तोंडाला झाकण नाही. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या रायस्वाइक गावाला कळते, असं आम्ही सगळे हसून म्हणायचो. आमची गॅलरी पश्चिमेला, त्यांचं कोपऱ्यातलं घर, गॅलरी पूर्वेला. त्यामुळे आमच्या घरातून संकष्टीचा चंद्र दिसत नाही, त्यांच्या घरातून दिसतो. चार वर्षं दर संकष्टीला मी मोदकांचा डबा घेऊन खाली जायची, दोघी मिळून चंद्राची वाट बघायचो, ओवाळायचो आणि तिथेच उपास सोडायचो. नोकरी गेल्यावर मी जाणं बंद केलं. नोव्हेंबरच्या संकष्टीला डोकं दुखतंय म्हणून कळवलं, डिसेंबरच्या वेळी तर तेही नाही. मोबाइलवर चंद्रोदयाची वेळ बघायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं. त्यांच्या मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवालाही गेले नाही. जिना उतरताना त्यांच्या दारापुढून मी चपला न वाजवता जायची.

जानेवारीतली संकष्टी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी. त्याच दिवशी हार्लेमला मुलाखत होती. चांगली झाली. मुलाखत घेणारी बाई हसून बोलत होती, पुढच्या आठवड्यात कधी येऊ शकाल असंही तिने विचारलं. मग परवान्याचा विषय निघाला आणि तिचा चेहरा पडला. त्यांच्या कंपनीला ती सरकारी मान्यताच नव्हती. तिने मनापासून माफी मागितली, मला कॉफी देऊ केली. मी उपासाची, नको म्हटलं. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर शेतांवर बर्फ होता आणि मला काहीच वाटत नव्हतं. रडूही येत नव्हतं. आता पुरे, एवढाच एक विचार डोक्यात होता. महिनाअखेरीला मुदत संपत होती.

घरी आले. मोदक करायचं त्राण नव्हतं, गणपतीपुढे गूळखोबरं ठेवलं. आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलले. म्हटलं, "बाबा रे, मी दमले. तुला ठेवायचं असेल तर ठेव, न्यायचं असेल तर ने. माझ्याच्याने आता होत नाही." नवसबिवस काही बोलले नाही. नवस बोलायला समोर काहीतरी दिसावं लागतं.

दिवसभर आभाळ भरलेलं होतं. चंद्र दिसणार नाही हे धरून मी कुकर लावायला उठले आणि दाराची बेल वाजली. दारात वैशालीताई, अंगावर शाल, पायात घरातल्याच सपाता. कशी आहेस नाही, कुठे असतेस नाही. एवढंच म्हणाल्या, "ढग बाजूला झालेत. चल लवकर, परत झाकायच्या आत."

होती तशीच त्यांच्यामागे जिना उतरले. गॅलरीत गेले तर समोरच्या घरांच्या छपरांवर चंद्र उभा, थोडासा लालसर. त्यांनी निरांजन माझ्या हातात दिलं. मी ओवाळायला हात वर केला आणि तसाच खाली आणला. निरांजन खाली ठेवून मी कठड्याला धरून रडले, मोठ्याने, लाज सोडून. आणि मग सगळं सांगितलं. नोकरी, लायब्ररी, हार्लेम, महिनाअखेर, रेवाची शाळा. आईने घातलेली बंदीसुद्धा सांगून टाकली.

वैशालीताई मधे एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना कळेल हे केवढं मोठं आहे. माझं संपल्यावर त्यांनी आत हाक मारून यजमानांना बाहेर बोलावलं. त्यांच्या ऑफिसला ती मान्यता होती, आणि त्यांच्या विभागात टेस्टरसाठी दोन महिने शोध चालला होता. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला ताईंनी विचारलं होतं, कुणी आहे का ओळखीत? मी आले असते तर तिथेच कळलं असतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची आमची खोड, पण मी तर भांडं लपवता लपवता ताकाच्या दारावरूनच परत जात होते, तेही चपला न वाजवता.

नोकरी काही लगेच ताटात आली नाही. रीतसर दोन मुलाखती झाल्या, त्यांनी मला घासून पुसून पाहिलं, आणि मुदत संपायच्या जेमतेम आधी नव्या कंपनीने अर्ज भरला. पाच वर्षं तुटली नाहीत.

पुढे एकदा मी ताईंना विचारलं, तुम्हाला काहीच कळलं नव्हतं का? त्या म्हणाल्या, "तू रोज लायब्ररीत असतेस हे नोव्हेंबरातच कळलं होतं गं. काय बिनसलंय ते मात्र नव्हतं कळलं. तू आली नाहीस त्या दोन्ही संकष्ट्यांना तुझं ताट वाढून ठेवलं होतं. पण तू लपतेस म्हटल्यावर बेल दाबायला हात जाईना." कुणापाशी बोलल्या नव्हत्या त्या. दोन महिने. ज्या बाईच्या तोंडाला झाकण नाही म्हणून आम्ही हसायचो, तिने माझं झाकलेलं झाकून ठेवलं होतं. मग त्या दिवशी कशी वाजवलीत बेल, असं विचारलं तर म्हणाल्या, काय माहीत, ढग सरकले आणि वाटलं, बोलवावं. यापेक्षा जास्त त्यांना सांगता आलं नाही. मीही जास्त खोदलं नाही.

शरण जाणं म्हणजे गणपतीपुढे डोकं टेकणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. ते मला सोपं होतं. तिथे कुणी बघत नसतं. माणसासमोर "मला जमत नाही" म्हणणं मला कधी शिकवलंच नव्हतं, आणि त्याने मला ढकलत ढकलत नेलं ते नेमकं तिथेच. त्याच्या मनात काय होतं ते तो जाणे. मी आता त्याच्याशी पुन्हा बोलते, सासूबाईंच्या गुडघ्यासकट.

कायमच्या वास्तव्याचं कार्ड हातात आलं तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती आणि संकष्टी होती. खाली मोदक चालले होते. तिथूनच आईला फोन लावला. ती रडली, आणि डोळे पुसते न पुसते तोच म्हणाली, "बरं, एवढ्यात कुणाला सांगू नकोस हं."

"आई," मी म्हटलं, "मी वैशालीताईंच्या स्वयंपाकघरात उभी आहे. फोन स्पीकरवर आहे."

मग आई म्हणाली, "त्यांना दे." ताईंचे हात उकडीने भरलेले. त्या तशाच फोनकडे वाकल्या.

"वैशालीताई," माझी आई म्हणाली, "मी पोरीला गप्प बसायला शिकवलं. तुम्ही तिची बेल वाजवलीत. उपकार फिटायचे नाहीत तुमचे."

डोळ्यांना मनगट लावून ताई पुन्हा मोदक वळायला लागल्या. त्या रात्रीही आभाळ भरलेलं होतं. मी रेवाला आणि सुहासला खाली बोलावून घेतलं, आणि आम्ही सगळे गॅलरीत खुर्च्या टाकून चंद्राची वाट बघत बसलो.