मंगळाची बरणी आणि तांदळाचं धुवण

गेल्या रविवारी आमच्या डिचोलीच्या घरात मंगळावरचा जीव सापडला... आणि चहा निवायच्या आत गेलासुद्धा.

वास्कोला शिकणारी माझी नात गौरी सुट्टीत आली ती बंद खाणीतली तांबडी माती पिशवीत घेऊन. मंगळावरची माती अशीच लोखंडाची, म्हणे. तिथे जीव शोधायचा कसा, हा तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट.

अर्धी माती तशीच एका बरणीत भरली. उरलेली माझ्या कुकरात तासभर शिजवली... ज्यात डाळ शिजते त्यात. मातीतलं सगळं मरायला हवं, म्हणाली. मग दोन्ही बरण्यांत साखरेचं पाणी आणि तोंडाला कापूस. जिवंत मातीत बुडबुडे यायचे, मेलेल्या मातीत नाही.

एकीचं दुसरीला लागू नये म्हणून जिवंत बरणी माजघरात, मेलेली स्वयंपाकघराच्या खिडकीत. सोमवारी मॅडमना दाखवायचं होतं.

रविवारी सकाळी पाहते तर मेलेल्या बरणीत बुडबुडे. "आजी, कुकरातूनही वाचलंय काहीतरी. असला जीव मंगळावरही टिकेल." डोळ्यांत पाणी, हातात फोन.

मी वालीच्या शेंगा मोडत होते. सांगावं तर पोरीचा आनंद जातो... न सांगावं तर उद्या कॉलेजात तिचं हसं होतं.

"फोन ठेव गो. त्या बरणीत तीन दिवस मी तांदळाचं धुवण घालतेय, तेच आंबलंय."

आमच्याकडे धुवण कुणी फेकत नाही. तुळशीला, मिरचीला, कढीपत्त्याला... खिडकीत माती दिसली की हात आपोआप वळतो.

"पण कापूस लावलेला ना?"

"काढला. घातलं. परत लावला. मी काय अडाणी आहे?"

गौरीने कापूस काढून बरणीचा वास घेतला. मग मॅडमना फोन करून खरं ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, यान पाठवणाऱ्यांनाही हीच धास्ती... आपल्याच हातचं काहीतरी तिकडे जायचं, आणि तेच सापडलं म्हणून आपण नाचायचं. आठ दिवस वाढवून दिले.

माती पुन्हा शिजली. बरणी आता कपाटात, किल्ली गौरीकडे. आज पाचवा दिवस, एक बुडबुडा नाही. बरणीत काहीच नाही म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

प्रोजेक्टच्या वहीत तिने 'चूक कुठे झाली' याखाली माझं नाव घातलंय, अगदी पूर्ण. गोवा मुक्तीनंतर गावात शाळा निघाली तेव्हा चौथीपर्यंत गेले होते... त्यानंतर शाळेच्या वहीत नाव आलं ते आत्ताच. राहू दे म्हटलं, खोडू नको.